फ्री-चॉइस डे कॅम्पचा आठवडा कसा लावावा: अमेरिकेत नव्याने आलेल्या पालकांसाठी

न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या शाळा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुटतात आणि थेट सप्टेंबरात उघडतात. टेक्सास, जॉर्जियाकडे हेच सगळं महिनाभर आधी होतं. या आठ-दहा आठवड्यांत आजोळ हाताशी नसतं आणि बिल्डिंगखाली हाक मारली की जमणारी मुलंही नसतात. आई-बाबा दोघंही कामावर असतील, तर डे कॅम्पला पर्याय नाही. सकाळी नऊच्या सुमारास सोडायचं, चारला आणायचं, रात्री मूल घरी.

या कॅम्पांत दोन तऱ्हा असतात. एकीत सगळा गट दिवसभर एकत्र फिरतो आणि वेळापत्रक कॅम्प ठरवतो. दुसरीत प्रत्येक पीरियडला काय करायचं ते मूल स्वतः निवडतं: तिरंदाजी, मातीकाम, नाटक, बुद्धिबळ, होडी, नाहीतर झाडाखाली बसून दोऱ्याचे ब्रेसलेट. हा लेख या दुसऱ्या, म्हणजे फ्री-चॉइस तऱ्हेबद्दल आहे. नव्याने आलेले पालक इथेच गोंधळतात. फॉर्मवर तीस नावं दिसली की सवयीने क्लास लावायला बसतात: सोमवारी कोडिंग, मंगळवारी रोबोटिक्स, बुधवारी पुन्हा कोडिंग. तसं करू नका. कागदपत्रं, वेळा, पोहणं, डबा आणि सामान तुम्ही चोख बघा. आतले तास मात्र खरोखर मुलाच्या हाती द्या, कारण फी त्या निवडीचीच भरलेली असते.

१. ‘निवड’ म्हणजे नेमकं काय, ते आधी विचारा

‘कॅम्पर्स चूज’ असं सगळेच लिहितात. प्रत्यक्षात तीन पद्धती आढळतात आणि तिन्हींची तयारी वेगळी आहे.

पहिली, आठवड्याचा फॉर्म. कॅम्प सुरू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी ऑनलाइन फॉर्म उघडतो. प्रत्येक पीरियडला पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची आणि जागेप्रमाणे वाटप होतं. फॉर्म उघडण्याची तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘आधी येईल त्याला आधी’ असं असेल तर गिर्यारोहणाची भिंत, तिरंदाजी आणि स्वयंपाक हे तीन विषय सगळ्यांत आधी भरतात. तिथे एका वेळी थोडीच मुलं घेता येतात. तीन पसंत्यांमध्ये एकच लोकप्रिय विषय ठेवा. तिन्ही जागी गर्दीचेच विषय लिहिले की मूल उरलेल्या कुठल्यातरी जागी ढकललं जातं आणि पालकांना वाटतं, कॅम्पने फसवलं.

दुसरी, सकाळचा फळा. रोज सकाळी सगळे गोल बसतात, काउन्सेलर (मुलांना सांभाळणारे कॅम्पचे कर्मचारी) त्या दिवशीचे पर्याय सांगतात आणि मुलं आपल्या नावाची पट्टी फळ्यावर लावतात. इथे पालकांना काही भरायचं नसतं. पण उशिरा पोचलेल्या मुलाला उरलेलंच मिळतं. नऊचा कॅम्प असेल तर पावणेनऊला गेटवर असा. पहिल्या दिवशी गाड्यांची रांग वीस मिनिटंही घेते, हे धरून निघा.

तिसरी, उघडी दालनं. सगळी ठिकाणं सुरू असतात आणि मूल हवं तिथे जातं, हवं तेव्हा उठतं. मोठ्या, बोलक्या मुलांना ही पद्धत आवडते. सहा-सात वर्षांच्या, इंग्रजीत अजून अडखळणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या आठवड्यात ती जड जाऊ शकते.

कॅम्प कुठल्याही पद्धतीचा असो, फोनवर हे प्रश्न विचाराच:

• दिवसातले किती पीरियड निवडीचे आणि किती सक्तीचे?
• निवडलेलं बदलायचं असेल तर कधीपर्यंत आणि कोणाला सांगायचं?
• विषय एका दिवसाचा असतो की पाचही दिवस तोच?
• प्रत्येक पीरियडला हजेरी घेता का? दुपारी दोन वाजता माझं मूल कुठे आहे हे विचारलं, तर किती वेळात सांगाल?
• मुलाचा दिवसभराचा अंदाज असणारा एक मोठा माणूस नेमलेला असतो का?

शेवटचे दोन प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचे. गटाने फिरणाऱ्या कॅम्पात मूल हरवत नाही, कारण बारा जणांतला एक कमी झाला की लगेच कळतं. फ्री-चॉइसमध्ये प्रत्येक तासाला गट बदलतो. चांगल्या कॅम्पांत यासाठी ‘होम ग्रुप’ असतो. सकाळी, जेवताना आणि निघताना तीच मुलं आणि तोच काउन्सेलर. होम ग्रुप नाही आणि हजेरी फक्त सकाळी, असं उत्तर आलं तर दुसरा कॅम्प बघा.

परवान्याची चौकशीही याच फोनमध्ये करा. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. न्यू जर्सीत युथ कॅम्पना राज्याच्या आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गावाचं बोर्ड ऑफ हेल्थ परवाना देतं आणि कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी कशी तपासली, शिस्तीचे नियम काय, तक्रार कुठे करायची याची माहिती मागण्याचा हक्क पालकांना आहे. अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता ही यापेक्षा वेगळी गोष्ट. ती ऐच्छिक असते. असली तर चांगलंच, पण तिच्यामुळे राज्याचा परवाना माफ होत नाही.

२. कागद: याच्यासाठी सगळ्यांत जास्त वेळ हातात ठेवा

नोंदणी जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होते. जागा मिळाली की पालक निश्चिंत होतात आणि जूनमध्ये कळतं, की आरोग्याचा फॉर्म नसल्याने मुलाला पहिल्या दिवशी आत घेणार नाहीत. साधारण हे सगळं लागतं:

• आरोग्याचा फॉर्म, इथल्या डॉक्टरच्या सहीचा. तपासणी बहुधा गेल्या १२ महिन्यांतलीच लागते.
• लसीकरणाची नोंद.
• ॲलर्जी किंवा दमा असेल तर डॉक्टरने सही केलेला ॲक्शन प्लॅन, म्हणजे त्रास झाला तर काय करायचं त्याचा कागद.
• औषध देण्याची परवानगी, प्रत्येक औषधासाठी वेगळी.
• सनस्क्रीन लावायची लेखी परवानगी.
• चढाई, होडी, तिरंदाजी यांसाठी वेव्हर, म्हणजे धोका मान्य असल्याचं सही केलेलं पत्र.
• मुलाला न्यायला येणाऱ्या माणसांची यादी.
• तातडीच्या वेळी फोन करायला दोन नावं, आई-बाबांखेरीज.

डॉक्टरची वेळ मे महिन्यात मागितली तर कधी कधी जुलैची मिळते, कारण सगळ्या गावाला तोच फॉर्म हवा असतो. मार्चमध्ये फोन करा.

भारतातलं लसीकरणाचं कार्ड डॉक्टरकडे न्या, पण त्यावरच्या तारखा समोर बसून स्वतः वाचून दाखवा. आपण आधी दिवस लिहितो, इथे आधी महिना. आपली ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट, इथे ती ८ मे होते. दोन डोसांमधलं अंतर त्यामुळे चुकीचं दिसतं आणि एखादी लस ‘ग्राह्य नाही’ म्हणून पुन्हा टोचली जाऊ शकते. महिना अक्षरांत लिहिलेली एक स्वच्छ यादी घरून करून न्या. हीच काळजी जन्मतारखेबाबतही घ्या, कारण वयाचे गट तिच्यावरून ठरतात.

बीसीजीचंही लक्षात ठेवा. फॉर्ममध्ये क्षयरोगाची चाचणी मागितली असेल, तर बीसीजी घेतलेल्या मुलाची हातावरची त्वचाचाचणी काही वेळा उगाच पॉझिटिव्ह येते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. डॉक्टरला बीसीजीबद्दल आधीच सांगा आणि रक्ताची चाचणी करता येईल का ते विचारा.

भारतातून आणलेल्या गोळ्यांची पट्टी किंवा सिरप कॅम्पची नर्स सहसा घेत नाही. मूळ डबी, त्यावर मुलाचं नाव आणि इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. डब्याच्या पिशवीत गुपचूप एक पॅरासिटामॉल ठेवून ‘डोकं दुखलं तर घे’ असं मुलाला कधीही सांगू नका. ती गोळी दुसऱ्या मुलाच्या हाती लागली तर प्रकरण फार गंभीर होतं.

आजी-आजोबा उन्हाळ्यात आले असतील तर न्यायला येणाऱ्यांच्या यादीत त्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा. पिक-अपला फोटो ओळखपत्र बघतात. आजोबा चालत गेटवर पोचतात, नातू धावत येऊन बिलगतो, तरी ओळखपत्र नसेल तर काउन्सेलर त्याला सोडत नाही. त्याचं बरोबरच आहे. आजोबांच्या खिशात पासपोर्ट, आणि तुमचा फोन लागेल असा ठेवा.

३. आधी न हलणारे तास कागदावर मांडा

समजा दिवस ९ ते ४ आहे आणि पन्नास मिनिटांचे सहा पीरियड आहेत. आठवड्याचे झाले तीस. आता वजाबाकी करा. रोज एक पोहण्याचा सक्तीचा पीरियड धरला तर पाच गेले. सोमवारचा एक ओळख आणि नियम सांगण्यात जातो. शुक्रवारचे दोन कार्निव्हल किंवा नाटकाच्या सादरीकरणात. उरले बावीस. माहितीपत्रकात तीस विषय असले तरी मुलाच्या हाती हेच बावीस तास आहेत, आणि पाच दिवस सलग चालणारा एखादा विषय घेतला की त्यातले चार-पाच एकदम जातात.

४ जुलैचा, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाचा आठवडा घेताना दिवस मोजा. २०२६ मध्ये ४ जुलै शनिवारी आहे, म्हणजे सुट्टी शुक्रवारी ३ तारखेला पाळली जाईल आणि बऱ्याच कॅम्पांचा आठवडा चारच दिवसांचा असेल. फी त्या प्रमाणात कमी होते का, ते विचारा. पहिल्यांदाच कॅम्पला जाणाऱ्या मुलासाठी हा आठवडा निवडू नका. रुळायला बुधवार उजाडतो आणि गुरुवारी आठवडा संपलेला असतो.

उरलेले तास मांडताना ऊन बघा. पळापळीचे खेळ अकराच्या आत, दुपारी जेवणानंतर सावलीतलं किंवा एसीतलं काहीतरी. जुलैच्या दमट दुपारी फुटबॉल लावलेलं मूल चारपर्यंत चिडचिडं होतं, आणि घरी आल्यावर सगळा दोष कॅम्पच्या माथी जातो.

पोहण्यानंतर लगेच चढाई किंवा माती ठेवू नका. कपडे बदलायला ठरलेली पाच-दहा मिनिटं लहान मुलांना पुरत नाहीत. ओल्या अंगाला कपडा चिकटतो, बूट ओले होतात, आणि चढाईच्या भिंतीशी पोचेपर्यंत पट्टे बांधून झालेले असतात. पोहण्यानंतर गोष्टी, चित्रकला, बैठे खेळ बरे.

४. काही कामांना दिवस लागतात, तास नाही

माहितीपत्रकात ‘सिरॅमिक्स’ नुसतंच लिहिलेलं असतं. एका आठवड्यासाठी आलेल्या मुलाने ते बुधवारी निवडलं तर शुक्रवारी हात रिकामे. का, ते जरा तपशिलात बघू.

मुलाने सोमवारी मातीचा गोळा घेऊन, मध्ये अंगठा खुपसून, कडा चिमटीने दाबत एक वाटी केली. भिंत पाऊण सेंटिमीटर जाड. ती ओली वाटी भट्टीत घालता येत नाही. आतलं पाणी तापून त्याची वाफ होते आणि वाटी फुटते, शेजारच्या चार वाट्या घेऊन. म्हणून ती फळीवर वाळते. दमट हवेत याला आठवडाही लागतो, तळ जाड असेल तर जास्तच. मग पहिली भाजणी सुमारे १००० अंश सेल्सिअसला. भट्टी थंड व्हायलाच एक दिवस जातो. त्यानंतर झिलईचा रंग, तो वाळणं आणि दुसरी भाजणी. म्हणजे सोमवारची वाटी लवकरात लवकर पुढच्या आठवड्याच्या शेवटी हातात येते. दोन आठवडे सलग असतील तर सोमवारीच माती घ्या. एकच आठवडा असेल तर ‘हवेत वाळणारी माती आहे का’ आणि ‘भाजलेली वस्तू नंतर नेता येईल का’ हे दोन प्रश्न विचारा, आणि उत्तर मुलालाही आधीच सांगा. शुक्रवारी सगळे वस्तू घेऊन निघालेले आणि आपली अजून फळीवर, हे सात वर्षांच्या मुलाला फार लागतं.

टाय-डायचंही तसंच, फक्त कमी वेळाचं. रंग लावून बांधलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ओला ठेवावा लागतो, साधारण २४ तास. मग धुणं, वाळणं. सोमवारी किंवा मंगळवारी केलं तर शुक्रवारी घालता येतो. शर्ट १०० टक्के सुती आणि पांढरा हवा. पॉलिएस्टर मिसळलेला असेल तर रंग फिका, मळकट चढतो. घरी पहिली धुलाई वेगळी करा.

सुतारकामात गोंद रात्रभर वाळतो, मग घासणं, मग रंग. तीन वेगवेगळे दिवस हवेत. नाटकात शुक्रवारी सादरीकरण असेल तर भूमिका सोमवार-मंगळवारी वाटल्या जातात. बुधवारी आलेलं मूल पडदा ओढायला उभं राहतं. कित्येक मुलांना तेही आवडतं, पण ठाऊक असून निवडलेलं असावं.

तिरंदाजी, बुद्धिबळ, खेळ, निसर्गफेरी हे विषय मात्र कुठल्याही दिवशी घ्या, तासाभरात पुरे होतात. लांबणारी कामं आठवड्याच्या सुरुवातीला लावा. सुटी कामं उरलेल्या जागांत आपोआप बसतात.

५. पोहण्याची परीक्षा

पहिल्याच दिवशी पाण्यात उतरवून चाचणी घेतात. साधारणपणे तलावाची एक लांबी न थांबता पोहायची आणि खोल पाण्यात मिनिटभर जागच्या जागी तरंगायचं. त्यावरून मनगटाला रंगीत पट्टा मिळतो आणि तो पट्टाच पुढचा आठवडा ठरवतो. होडी, घसरगुंडी, खोल भाग हे पर्याय पट्ट्याच्या रंगाप्रमाणे उघडतात किंवा बंद होतात. फॉर्ममध्ये ‘चांगलं पोहतो’ असं लिहून काही साधत नाही. उलट खरं लिहा. सोसायटीच्या चार फुटी तलावात पोहणारं मूल आणि खोल पाण्यात तरंगणारं मूल यांत मोठा फरक आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये तळं, नदी किंवा समुद्रकिनारी मुलांना नेणाऱ्या कॅम्पांसाठी २०१२ पासून कायदाच आहे: पहिल्याच वेळी पोहण्याची क्षमता तपासायची आणि न पोहणाऱ्यांसाठी लाइफ जॅकेट ठेवायचं. तुमच्या राज्यात काय आहे ते विचारा आणि कायदा नसला तरी ‘लाइफ जॅकेट तुमचं की आमचं’ हे विचाराच.

पोहण्याचे कपडे दोन जोड द्या. काल ओला गुंडाळून पिशवीत राहिलेला सूट सकाळी तसाच थंडगार चढवायला कुठलंच मूल तयार होत नाही, आणि ‘मला पोहायचं नाही’चं खरं कारण अनेकदा इतकंच असतं. सुती टी-शर्ट घालून पाण्यात उतरू देत नाहीत. अंग झाकायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा शर्ट) घ्या, उन्हासाठीही तो उत्तम.

गडगडाट झाला की तलाव रिकामा करतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणाला उतरवत नाहीत. दुपारी वळीव येणाऱ्या भागात पोहणं सकाळचं मिळालं तर घ्या.

६. आता मुलासोबत बसा

अर्धा तास पुरे. टीव्ही बंद, समोर छापलेली यादी, तीन रंगांच्या पेन्सिली. हिरवा म्हणजे ‘मला करायचंय’, पिवळा म्हणजे ‘बघू’, लाल म्हणजे ‘नको’. रंगवताना तुम्ही बोलू नका. ‘अरे, पण कोडिंग किती उपयोगाचं’ हे वाक्य तोंडाशी आलं तरी गिळा. कित्येक मुलं आपला चेहरा वाचून पेन्सिल बदलतात.

यादीतले कित्येक शब्द त्याला कळणार नाहीत. ‘गागा’ म्हणजे बुटक्या अष्टकोनी कुंपणात हाताने चेंडू मारत खेळायचा खेळ, कॅम्पांत तो अतिशय आवडता असतो. ‘लो रोप्स’ म्हणजे जमिनीपासून थोड्याच उंचीवर बांधलेल्या दोरांवरून तोल सांभाळत जाणं. ‘लॅनयार्ड’ म्हणजे प्लास्टिकच्या रंगीत पट्ट्या विणून केलेली दोरी. दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ दाखवा, मग रंगवू द्या.

पाच ते सात वर्षांच्या मुलापुढे तीसची यादी ठेवू नका. प्रत्येक वेळेला दोनच पर्याय: ‘चित्रं की चेंडू?’ आठ ते दहाचं मूल स्वतः रंगवतं, पण वेळांची जुळणी तुम्ही करून द्या. अकराच्या पुढे वेळापत्रकही त्यालाच मांडू द्या. तुम्ही फक्त माती आणि पोहणं कुठे पडलंय तेवढं तपासा.

मांडताना दोन-तीन गोष्टी सांभाळल्या की आठवडा बरा जातो. रोज एक ओळखीचं काम शक्यतो त्याच वेळेला ठेवा. क्रिकेट नसेल तर टेनिस, नाहीतर चित्रकला. नवीन जागेत रोज अकरा वाजता येणारी ती एक खात्रीची गोष्ट मुलाला फार आधार देते. रोज एकच पूर्ण नवीन गोष्ट, त्याहून जास्त नको. आणि गुरुवारचे एक-दोन पीरियड मोकळे सोडा. तोवर मुलाला नवे मित्र मिळालेले असतात आणि त्यांनी काहीतरी भन्नाट शोधलेलं असतं. ती जागा आधीच भरलेली असेल, तर फ्री-चॉइस कॅम्पमधली सगळ्यांत सुंदर गोष्ट, म्हणजे मित्राच्या मागे धावत जाऊन नवीन काही करून बघणं, त्याला मिळत नाही.

ओळखीच्या मराठी कुटुंबातलं मूल त्याच कॅम्पला असेल तर दोघांचे सगळे पीरियड जुळवू नका. जेवण आणि एखादा पीरियड एकत्र ठेवा. सगळीकडे जोडी असली तर दोघं आठवडाभर एकमेकांशीच बोलतात आणि एकाला ताप आला तर दुसरं एकटं पडतं.

पाचही दिवस एकच विषय निवडणाऱ्या मुलाला अडवावं का? पहिल्या आठवड्यात नको. पाच दिवस ब्रेसलेट विणणारं मूल त्याच टेबलाशी रोज नवीन मुलांशी बोलत असतं.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर पाच वाक्यं घरी म्हणून घ्या: मला बाथरूमला जायचंय, मला बरं वाटत नाही, मला हे बदलायचंय, मी पण खेळू का, मला समजलं नाही. नाव अवघड असेल तर ते कसं उच्चारायचं ते फॉर्मवर सोप्या तुकड्यांत लिहून द्या. टोपणनाव मुलाला हवं असेल तरच.

७. डबा

मायक्रोवेव्ह नाही, फ्रिज नाही, हे धरूनच चाला. नाशवंत अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर तासाभराहून जास्त नाही, असा इथला सरकारी नियम आहे. म्हणून जाड डबापिशवी आणि दोन बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवलेला डबा. भाजीची पोळी गुंडाळून, मेथीचे ठेपले, इडली-पोडी, दहीभात अगदी गार करून. रस्सा नको. गवतात मांडी घालून खाताना तो सांडतोच.

शेंगदाण्याबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बहुतेक कॅम्पांत दाणे आणि सुकामेवा चालत नाही. आपल्याकडे दाणे न दिसता असतात: साबुदाण्याच्या खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्याच्या मसाल्यात कूट, पोह्यांत आख्खे. चिक्की, काजूकतली, बदामाचा लाडू हे तर उघडच. तिळाचाही विचार करा. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जन म्हणून पाकिटावर लिहावा लागतो. ठेपल्यावर तीळ असतात, पोडीतही. कॅम्पच्या यादीत तीळ आहेत का ते बघून मग डबा ठरवा.

तुम्ही शाकाहारी असाल तर फॉर्ममध्ये ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहून पुरत नाही. अंडं चालतं की नाही, मासे चालतात की नाही, हे सुटं लिहा. शुक्रवारच्या हॉटडॉगमध्ये गोमांस किंवा डुकराचं मांस असतं. शेकोटीवरच्या मार्शमेलोत आणि बऱ्याच चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. जिलेटिन नसलेले मार्शमेलो दुकानात मिळतात. त्यांचं पाकीट नाव घालून आधीच होम ग्रुपच्या काउन्सेलरकडे द्या, म्हणजे सगळे भाजत असताना आपलं मूल नुसतं बघत बसत नाही.

दोन वेळचा खाऊ वेगळा बांधा आणि पाण्याची लिटरभराची बाटली द्या.

८. पिशवी

• पोहण्याचा सूट, टॉवेल, ओल्या कपड्यांची प्लास्टिक पिशवी
• बंद बूट (पायात), पाण्याच्या चपला (पिशवीत)
• टोपी, जास्तीचा एक संपूर्ण जोड, मोजे दोन
• सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं
• पातळ रेनकोट

क्रॉक्स घालून चढाई, तिरंदाजी, सुतारकाम काहीच करू देत नाहीत. ‘माझं नाव होतं तरी घेतलं नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा पायातली चप्पल निघते. लांब केस बांधलेले हवेत. गळ्यातली साखळी आणि सैल बांगड्या घरीच.

सनस्क्रीनचा पहिला हात घरून निघायच्या पंधरा मिनिटं आधी तुम्ही लावा. पुढे दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावायचं असतं, ते मुलाला स्वतःला लावता यायला हवं. आधीच्या रविवारी आरशासमोर सराव करून घ्या. कान, मानेची मागची बाजू आणि पावलं मुलं हमखास विसरतात. आपल्या रंगाला लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

प्रत्येक वस्तूवर नाव घाला, मोज्यावरसुद्धा. पोकेमॉनचे पत्ते, स्मार्टवॉच, पैसे पाठवू नका.

ईशान्येकडच्या राज्यांत राहत असाल तर रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गोचीड शोधा: कानामागे, काखेत, बेंबीत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी. लाइम आजार पसरवणारी गोचीड पिलावस्थेत खसखशीच्या दाण्याएवढी असते. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती, नेलपॉलिश काही लावू नका. २४ तासांच्या आत काढली तर लाइमची शक्यता फारच कमी राहते, म्हणूनच रोज बघायचं. काढल्याची तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरला ती तारीख लागते.

९. सोमवार संध्याकाळपासून

‘काय शिकलास?’ विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘आज जेवताना शेजारी कोण होतं?’, ‘कुठला पीरियड लवकर संपला असं वाटलं?’ असं विचारा. सोमवारी रडू आलं तर कॅम्प बदलायचा विचार करू नका. गर्दी, ऊन, भाषा आणि सतत निवड करणं, याने मूल थकलेलं असतं. दिवसभर स्वतः ठरवत राहणं मोठ्या माणसालाही दमवतं. आठ वाजता झोपवा.

बुधवारपर्यंत ‘मी नुसता बसून होतो’ असं दोनदा ऐकलं तर मात्र त्याच संध्याकाळी कॅम्पला ईमेल करा. शांत मूल या पद्धतीत सहज नजरेआड होतं. ते भांडत नाही, रडत नाही, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जातं आणि हजेरीत हजर असतं. ईमेल छोटा आणि नेमका असू द्या: मुलाचं नाव, होम ग्रुप, कुठल्या पीरियडला बसून होता, त्याला काय आवडतं, आणि एक विनंती, की उद्या पहिल्या पीरियडला कोणीतरी त्याला सोबत घेऊन जावं. एवढं मागितलं तर चांगले काउन्सेलर आनंदाने करतात.

१०. पैशांचे कागद

करात सवलत मिळू शकते. मूल १३ वर्षांखालचं असेल आणि आई-बाबा दोघंही कमावते, काम शोधणारे किंवा पूर्णवेळ शिकणारे असतील, तर डे कॅम्पचा खर्च कर भरताना फॉर्म २४४१ वर दाखवता येतो. एका मुलासाठी ३,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरतात, दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,०००. मात्र वर्षभरात दोघांपैकी एकाची काहीच कमाई नसेल आणि ती व्यक्ती विद्यार्थीही नसेल, तर हा लाभ सहसा मिळत नाही. एच-४ (अवलंबितांच्या) व्हिसावर असणारा जोडीदार काम करत नसेल, तर त्या घरांत ही अट हमखास लक्षात येत नाही. रात्रीच्या मुक्कामाच्या कॅम्पचा खर्च धरत नाहीत.

नोकरीतून डिपेन्डन्ट केअर एफएसए (मुलांच्या सांभाळासाठी पगारातून करमुक्त रक्कम बाजूला ठेवायचं खातं) मिळत असेल तर त्याची वार्षिक मर्यादा २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली आहे. पण ती रक्कम आदल्या शरद ऋतूतल्या ओपन एनरोलमेंटमध्ये (कंपनीच्या सवलती निवडायच्या मुदतीत) ठरवावी लागते, म्हणजे कॅम्पचा विचार डोक्यातही नसताना. तोच डॉलर दोन्हीकडे दाखवता येत नाही.

दोन्हींसाठी कॅम्पचा कर ओळख क्रमांक आणि भरलेल्या फीची पावती लागते. ऑगस्टनंतर हंगामी कार्यालयं बंद होतात आणि एप्रिलमध्ये फोन उचलायला कोणी नसतं. शेवटच्या शुक्रवारी मुलाला घ्यायला जाल तेव्हाच दोन्ही मागून घ्या, आणि निघण्याआधी हरवलेल्या वस्तूंच्या टेबलाशी एक फेरी मारा. दुसरा मोजा बहुधा तिथेच असतो.